शास्त्राची साक्ष किती मानावी ?

गुन्ह्याच्या शोधांत शास्त्राचें साहाय्य घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न आतां वादाचा राहिलेला नाहीं. ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमानें असें ठरविलें आहे कीं, सात वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षेस पात्र अशा प्रत्येक गुन्ह्याच्या जागीं न्यायसहायक शास्त्राच्या तज्ज्ञानें जाऊन पुरावा गोळा करावा व त्या कामाचें चित्रण करून ठेवावें. ही व्यवस्था उभी करण्यास राज्य सरकारांस पांच वर्षांची मुदत दिली आहे, एवढेंच. खून हा अर्थात् त्या गुन्ह्यांत अग्रगण्य. या तरतुदीचें आम्ही मनापासून स्वागत करितों. पढवून उभे केलेले साक्षीदार, ठरलेले पंच आणि कोठडींत मिळविलेले कबुलीजबाब यांवर ज्या देशांत फौजदारी न्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या देशांत रक्ताच्या थेंबानें किंवा केसाच्या तंतूनें बोलावें, ही सुधारणा लहानसहान नव्हे.

परंतु याच सुधारणेच्या पाठोपाठ एक समज लोकांत दृढ होत चालला आहे, आणि तो मात्र आम्हांस धोक्याचा वाटतो. माणूस खोटें बोलतो, पण यंत्र खोटें बोलत नाहीं, असें वाक्य हल्लीं पेठेंत, आगगाडींत, इतकेंच काय पण वकिलांच्या बैठकींतहि ऐकूं येतें. प्रयोगशाळेचा अहवाल आला, म्हणजे खटला संपलाच. पुढें राहिली ती केवळ शिक्षेची आंकडेमोड. आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांस या समजांतील दोष समजावून सांगावयास नको. तराजू आपण होऊन खोटें बोलत नाहीं हें खरेंच. पण कांट्यावर सरकारी शिक्का आहे कीं नाहीं, शिक्क्याची मुदत टळली आहे कीं काय, पारड्याच्या बुडाशीं मेण तर चिकटविलेलें नाहीं ना, आणि तोलणाराचा आंगठा कोठें आहे, इतकें पाहिल्यावांचून शहाणा गिऱ्हाईक किलोभर साखर उचलीत नाहीं. साखरेच्या पुडीला जी सावधगिरी लागते, ती माणसाच्या गळ्याला लागूं नये काय ?

या प्रश्नाचें उदाहरण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. तें पुण्यासच घडलेलें आहे. ता. १२ जून २००८ रोजीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका तरुण विद्यार्थिनीस, तिच्या पूर्वीच्या वाग्दत्त वरास प्रसादांतून सोमल घालून मारल्याच्या आरोपावरून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. तिच्याबरोबरच्या दुसऱ्या आरोपीसहि तीच शिक्षा झाली. सोमलाचे खटले आमच्या न्यायालयांस नवीन नाहींत. नवीन होतें तें एक यंत्र. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेंत या मुलीच्या डोक्यास तारा लावून मेंदूंतील विद्युत्‌प्रवाहाचें आलेखन करण्यांत आलें. या पद्धतींत आरोपीनें उत्तर द्यावयाचें नसतें. त्यानें स्वस्थ बसून ऐकावयाचें. त्याच्यापुढें प्रथमपुरुषी वाक्यें वाचून दाखवितात. मीं अमुक विष विकत आणलें, मीं अमुक ठिकाणीं अमक्यास भेटलें, अशा धर्तीचीं तीं असतात, आणि प्रत्येक वाक्याबरोबर मेंदूंत उठलेल्या लहरींवरून यंत्र असा निर्णय देतें कीं, ही गोष्ट या माणसास केवळ ठाऊक आहे, कीं ती त्यानें स्वतः अनुभवलेली आहे. या मुलीच्या मेंदूनें अनुभवाची ग्वाही दिली, असें तज्ज्ञांनीं सांगितलें. न्यायाधीशांनीं आपल्या निकालपत्रांत या पद्धतीचें सविस्तर समर्थन करून ती ग्वाही ग्राह्य धरली. असल्या यंत्राच्या आधारें खून शाबीत मानल्याचें जगांतील हें पहिलेंच ज्ञात उदाहरण, असा बोभाटा त्या वेळीं परदेशच्या पत्रांतूनहि झाला.

ती मुलगी अपराधी होती कीं निरपराधी, याविषयीं आम्ही अवाक्षर काढणार नाहीं. खटल्यांत दुसराहि पुरावा होता, आणि पुढें मुंबई उच्च न्यायालयानें शिक्षा स्थगित करून आरोपींस जामिनावर सोडलें. आमचा प्रश्न यंत्रापुरताच आहे. जी गोष्ट केल्यानें माणसाच्या आठवणींत राहते, आणि जी गोष्ट चौकशींत, पुनःपुन्हां कानांवर आदळल्यानें, भीतीनें, रात्र रात्र तोच विचार केल्यानें आठवणींत राहते, त्या दोहोंचा भेद लहरींच्या रेषांवरून निश्चित करतां येतो, हा या पद्धतीचा दावा. दावा मोठा आहे, आणि खरा असेल तर मानवजातीच्या इतिहासांत त्याची गणना व्हावी एवढा मोठा आहे. मग तो सिद्ध करण्याचा रस्ताहि ठरलेला आहे. पद्धति बसविणारांहून वेगळ्या शास्त्रज्ञांनीं, वेगळ्या ठिकाणीं, ज्यांचें उत्तर आधींच ठाऊक आहे अशा शेंकडों माणसांवर ती करून पाहावी, कितीदां ती चुकली तें मोजावें, मोजलेलें छापावें, आणि छापलेल्यावर इतर विद्वानांस टीका करूं द्यावी. पुण्याच्या न्यायासनापुढें हें यंत्र आलें तेव्हां तें या रस्त्यानें चालून आलेलें नव्हतें. किलोभर साखर तोलणाऱ्या कांट्यास मुदतीमुदतीनें शिक्का लागतो. जन्मठेप तोलणारा कांटा मात्र बिनशिक्क्याचा चालला.

यापुढील भाग तर वरातीमागून घोडें या म्हणीचा आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाशास्त्र संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें एक तज्ज्ञ समिति नेमली होती. तिचें मत त्याच वर्षीं बाहेर आलें, आणि तें असें कीं, मेंदूच्या या परीक्षा अशास्त्रीय असून तपासाचें साधन म्हणून किंवा न्यायालयांतील पुरावा म्हणून त्यांचा उपयोग बंद करावा. विशेष हें कीं, ही पद्धति ज्यांनीं बसविली ते विद्वान् पूर्वीं याच संस्थेंत मोठ्या अधिकारावर होते. आपल्याच घरांतील माणसाचा शोध असा परखडपणें नाकारणें हें शास्त्राचें खरें लक्षण आहे. आमची तक्रार एवढीच कीं, शास्त्र बोलण्यापूर्वींच न्यायासन बोलून गेलें होतें.

सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणांत ता. ५ मे २०१० रोजीं या साऱ्यास लगाम घातला. गुंगीच्या औषधाखालील जबाब, असत्यशोधक यंत्र आणि मेंदूची परीक्षा या तिन्ही गोष्टी कोणाहि माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध करतां येणार नाहींत, तसें करणें हें राज्यघटनेच्या विसाव्या व एकविसाव्या कलमांचा भंग होय, असा तो निर्णय आहे. तो योग्यच झाला. तथापि त्याची मुख्य बैठक शास्त्राच्या खरेखोटेपणावर नसून माणसाच्या मौनाच्या हक्कावर आहे, आणि स्वेच्छेनें परीक्षा देण्याची वाट त्यांत मोकळी ठेविलेली आहे. पोलीस कोठडींतील माणसाची स्वेच्छा किती किंमतीची असते, हें ज्यांनीं कोठडी बाहेरून तरी पाहिली आहे त्यांस आम्हीं सांगावयास नको. निकालास तेरा वर्षें लोटल्यावरहि पाटण्याच्या उच्च न्यायालयानें एका प्रकरणांत जामिनाच्या अर्जावर विचार करतांना, सर्व आरोपींची गुंगीच्या औषधानें परीक्षा करूं हें पोलिसांचें म्हणणें मान्य केलें, आणि तें रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयास जून २०२५ मध्यें पुन्हां लेखणी उचलावी लागली. कायदा बदलला, पण मोह गेलेला नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेतील कीं, मेंदूच्या लहरींचें सोडा. तें शास्त्र कच्चेंच होतें. रक्ताचें काय ? डी. एन. ए. चें काय ? आक्षेप रास्त आहे. डी. एन. ए. ची परीक्षा हें पक्कें शास्त्र आहे, आणि तिनें निरपराध्यांची बाजू घेऊन तुरुंगांचीं दारें उघडलेलीं आहेत, ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेनें मान्य करितों. पण पक्क्या शास्त्राच्या बाबतींत घोटाळा शास्त्रांत होत नाहीं. तो चिठ्ठींत होतो. कापसाच्या गांठीवर दुसऱ्या गांठीची चिठ्ठी लागली, तर प्रतवारी करणारा कितीहि निष्णात असो, भाव चुकीच्याच मालाला मिळावयाचा.

नोएडा येथें मे २००८ मध्यें एक शाळकरी मुलगी व घरांतील नोकर यांचा एकाच रात्रीं खून झाला, तें प्रकरण साऱ्या देशानें वर्षानुवर्षें चघळलें. त्यांतील एका उशीच्या अभ्र्याची हकीकत मात्र थोड्यांस आठवत असेल. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेच्या २००८ सालच्या अहवालांत, मयत नोकराच्या डी. एन. ए. चा मेळ अशा एका अभ्र्याशीं बसला असें नमूद होतें, कीं जो अभ्रा दुसऱ्याच एका इसमाच्या खोलींतून जप्त केलेला होता. हा अहवाल खरा, तर खटल्याची दिशाच फिरावयाची. मार्च २०११ मध्यें, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, त्याच प्रयोगशाळेनें कळविलें कीं, ती टंकलेखनाची चूक होती. दोन वस्तूंचीं वर्णनें एकमेकांच्या जागीं पडलीं. होय, अशी चूक होऊं शकते. कारकुनाच्या हातून रोज होते. परंतु ज्या कागदावर दोन माणसांची जन्मठेप अवलंबून, त्या कागदांतील चूक दोन वर्षें कोणाच्याहि नजरेस येऊं नये, आणि आली तेव्हां ती एका पत्रानें दुरुस्त व्हावी, हें आम्हांस भयंकर वाटतें. मुलीच्या आईबापांस नोव्हेंबर २०१३ मध्यें जन्मठेप झाली व ता. १२ ऑक्टोबर २०१७ रोजीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें. पहिला अहवाल बरोबर कीं दुसरें पत्र बरोबर, या वादांत आम्ही शिरत नाहीं. ज्या देशांत असा वाद उपस्थित होऊं शकतो तेथें शास्त्रीय पुराव्याची दप्तरदारी अद्याप बाल्यावस्थेंत आहे, एवढें त्यावरून दिसतें.

याहून ताजें उदाहरण तामिळनाडूचें आहे. तेणी जिल्ह्यांतील सुरुळी धबधब्यानजीक २०११ सालीं एका तरुण जोडप्याचा निर्घृण खून झाला. आरोपीस सत्र न्यायालयानें २०१८ मध्यें फांशी सुनावली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठानें २०१९ मध्यें ती कायम केली. ता. १५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास निर्दोष सोडलें. डी. एन. ए. चा मेळ फिर्यादपक्षाच्या बाजूनें होता. पण नमुने कोणीं घेतले, कोठें ठेविले, कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेले आणि प्रयोगशाळेंत पोहोंचण्यास एवढा उशीर कां झाला, याचा समाधानकारक हिशेब कोणासहि देतां येईना. न्यायालयानें तेव्हां साऱ्या देशास लागू असे निर्बंध घालून दिले : नमुना घेतांना रीतसर कागद करावा व त्यावर उपस्थितांच्या सह्या असाव्यात, अठ्ठेचाळीस तासांच्या आंत तो प्रयोगशाळेंत पोहोंचवावा आणि उशीर झाल्यास कारण लिहावें, खटल्याच्या न्यायालयाच्या परवानगीवांचून बांधलेलें पुडकें पुन्हां उघडूं नये, आणि हस्तांतराची नोंदवही आरोपी सुटेपर्यंत किंवा दोषी ठरेपर्यंत चालू ठेवून ती खटल्याच्या कागदांस जोडावी. आमच्या पेठेंतील कोणताहि आडत्या हे नियम वाचून हंसेल. परगांवाहून आलेल्या मालाची नोंद तो याहून कसोशीनें ठेवितो, आणि तीहि कोणत्या न्यायालयानें सांगितल्यावांचून.

पण या हंसण्यांत एक दुःख आहे. सुरुळीच्या त्या दोन जिवांचा खून कोणीं केला ? चौदा वर्षांनंतर कायद्याच्या दृष्टीनें उत्तर असें कीं, कोणींच नाहीं. सुटलेला माणूस निरपराधी असेल, तर खरा खुनी चौदा वर्षें मोकळा फिरला. तो अपराधी असेल, तर पोलिसांच्या गलथानपणानें तो सुटला. पुराव्याची कडक छाननी मागणारे लोक गुन्हेगारांचे कैवारी असतात, असें ज्यांस वाटतें त्यांनीं या प्रकरणाचा विचार अवश्य करावा. छाननी कडक नव्हती म्हणूनच हें झालें.

परदेशांत हा धडा आपल्याहून महागांत शिकले आहेत. ऑस्ट्रेलियांत ऑगस्ट १९८० मध्यें उलुरूच्या डोंगराजवळील एका तळावरून नऊ आठवड्यांचें मूल नाहींसें झालें. डिंगो जातीच्या रानकुत्र्यानें मूल नेलें, असें आई ओरडून सांगत होती. पण तज्ज्ञ मंडळींनीं मोटारगाडींत तान्ह्या अर्भकाचें रक्त सांपडल्याची साक्ष दिली, आणि १९८२ मध्यें त्या मातेस जन्मठेप झाली. रक्त म्हणून ज्या शिंतोड्यांकडे बोट दाखविलें होतें ते पुढें, गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यांतच मारलेल्या एका रोगणाचे निघाले ! १९८६ मध्यें रानकुत्र्यांच्या बिळांच्या टापूंत मुलाचें अंगरखें सांपडलें, तेव्हां ती माता तुरुंगाबाहेर आली. १९८८ मध्यें शिक्षा रद्द झाली. आणि मूल डिंगोनें नेलें असा मृत्युदाखला मिळण्यास २०१२ साल उजाडावें लागलें. आईच्या मुद्रेवर पुरेसें दुःख दिसत नव्हतें, म्हणून लोकांनीं तिला आधींच दोषी ठरविलें होतें. प्रयोगशाळेनें त्या लोकमतावर शिक्कामोर्तब केलें, आणि तें अपघातानें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. तपासनीस ज्यास आधींच खुनी म्हणतात, त्याच्या वस्तूंवर तज्ज्ञाच्या डोळ्यांसहि रक्त लवकर दिसतें. यास लबाडी म्हणतां येत नाहीं. हा माणसाचा स्वभाव आहे.

अमेरिकेंत तेथील राष्ट्रीय विज्ञान परिषदेनें २००९ मध्यें या साऱ्या शास्त्रांची झडती घेतली आणि असा अभिप्राय दिला कीं, डी. एन. ए. सोडल्यास कोणतीहि पद्धति एखादी खूण अमक्याच माणसाची आहे असें निश्चयानें सांगण्याइतकी कसोशीनें सिद्ध झालेली नाहीं. २०१५ मध्यें तेथील मध्यवर्ती अन्वेषण खात्यानेंच कबूल केलें कीं, केसांच्या सूक्ष्मदर्शक तुलनेवर त्यांच्या तज्ज्ञांनीं आरोपींविरुद्ध दिलेल्या ज्या साक्षी तपासल्या, त्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक साक्षींत चुकीचीं विधानें होतीं. बोटांच्या ठशांचें शास्त्र तर आमच्याच देशांत वाढलें. १८९७ मध्यें कलकत्त्यास त्याची कचेरी निघाली, आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां बंगाली अंमलदारांनीं त्याच्या वर्गीकरणाचें गणित बसविलें, ज्याचें श्रेय बरींच वर्षें त्यांच्या गोऱ्या साहेबाच्या नांवावर जमा होतें. तें शास्त्र उपयुक्त आहे यांत संशय नाहीं. तरीहि २००४ मध्यें माद्रिदच्या बाँबस्फोटांतील एका ठशावरून अमेरिकन तज्ज्ञांनीं ऑरेगॉन प्रांतांतील एका वकिलास निःशंकपणें गुन्हेगार ओळखलें, आणि स्पेनच्या पोलिसांनीं तोच ठसा दुसऱ्याचा असल्याचें दाखवून दिलें.

आतां आपल्या कायद्याकडे वळूं. मद्रासेंत १८४९, कलकत्त्यांत १८५३, आग्र्यास १८६४ आणि मुंबईस १८७० या सालीं रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा निघाल्या. इंग्रज न्यायाधीशांस एतद्देशीय साक्षीदारांच्या शब्दावर भरंवसा नव्हता. रसायनाच्या नळीवर होता. परीक्षक एक, प्रांत अफाट. त्याला प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयांत उभें करणें अशक्य. म्हणून त्याचा सही-शिक्क्याचा कागदच साक्षीच्या जागीं घेण्याची सवलत कायद्यानें दिली. सोय म्हणून आलेली ही सवलत पुढें हक्क होऊन बसली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें २९३ वें कलम जाऊन नव्या संहितेंत ३२९ वें आलें. मजकूर बव्हंशीं तोच. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, तज्ज्ञ प्रत्यक्ष न आला तरी, पुरावा म्हणून वाचतां येतो. न्यायालयास योग्य वाटल्यास त्यानें तज्ज्ञास बोलवावें. चालू व्यवहारांत बोलावणें जातें किती खटल्यांत, हें फौजदारी वकिलांस विचारावें. खुनाच्या खटल्यांत गांवच्या सुताराची, पानवाल्याची उलटतपासणी दोन दोन दिवस चालते. आणि ज्या कागदावर निकाल फिरावयाचा तो कागद निमूटपणें निशाणी घालून दाखल होतो. त्याला प्रश्न कोण विचारणार ? कागदास तोंड नसतें.

आमच्या मतें मुळांतील व्यंग तें हेंच. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें तज्ज्ञाच्या शब्दास मत म्हटलें आहे, निर्णय म्हटलेलें नाहीं. नव्या साक्ष अधिनियमांतहि तें मतच आहे. २००९ मध्यें एका वैद्यकीय हलगर्जीपणाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, तज्ज्ञाचें काम आपला निष्कर्ष न्यायाधीशांपुढें टाकून मोकळें होणें हें नव्हे. निष्कर्ष ज्या सामग्रीवर व ज्या कारणांवर उभा आहे ती सारी त्यानें मांडावी, म्हणजे न्यायाधीशांस स्वतः विचार करतां येईल. या कसोटीस आमच्याकडील अहवाल कितपत उतरतात ? मेळ बसला, रक्त मानवी आहे, गट अमुक आहे, खालीं सही. किती वेळां परीक्षा केली, नमुना कुजलेला होता काय, आलेख कोठें आहे, आणि या पद्धतीची चूक होण्याचें प्रमाण किती, यांपैकीं बहुतेकांचा पत्ता नसतो.

मग शास्त्राला हांकलून द्यावें काय ? मुळींच नाहीं. शास्त्र गेलें तर त्याच्या जागीं काय येतें, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे : टायरचा पट्टा, बर्फाची लादी आणि ओलीसाप्रमाणें ठाण्यांत बसवून ठेवलेला म्हातारा बाप. पोलिसांपुढील कबुली पुरावा नव्हे, हें तत्त्व दीडशें वर्षें कायद्यांत असूनहि मारहाण थांबली नाहीं, आणि ती थांबविण्याची खरी आशा शास्त्रावरच आहे. मेंदूच्या यंत्राविषयीं आमचा रोष एवढ्याचसाठीं कीं, तें शास्त्राच्या वेषांत पुन्हां कबुलीच काढूं पाहत होतें. वस्तूला बोलतें करण्याऐवजीं माणसालाच, तोंड मिटलेलें असतांना, बोलतें करूं पाहत होतें.

दिल्लीजवळील छावला येथून पळवून नेलेल्या तरुणीच्या अमानुष खुनाच्या खटल्यांत, नमुने बरेच दिवस पोलिसांच्या मुद्देमालखान्यांत पडून होते हें एक कारण देऊन, सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ मध्यें फांशी झालेल्या तिघांस सोडलें, तेव्हां लोकांचा संताप अनावर झाला. त्या मुलीच्या आईबापांच्या दुःखापुढें आमची लेखणी खालीं होते. तथापि तो संताप न्यायालयाच्या दारीं नेण्याऐवजीं मुद्देमालखान्याच्या दारीं न्यावयास हवा होता. तेथें मात्र कोणी गेलें नाहीं.

नव्या कायद्यामुळें आतां दर जिल्ह्यांत नमुन्यांचा ढीग वाढणार. फिरत्या प्रयोगशाळेच्या गाड्या रस्त्यावर आणल्यानें छायाचित्रें चांगलीं येतील. पण पुढें तो माल जावयाचा कोठें? आमच्या राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळा गृहखात्याच्याच छत्राखालीं आहेत, म्हणजे ज्या खात्याचे पोलीस आरोपी उभा करितात त्याच खात्याचे तज्ज्ञ त्याच्याविरुद्ध मत देतात. तज्ज्ञ प्रामाणिक असतील, पुष्कळ आहेतहि. तरी सराफाचा कस सराफाच्याच नोकरानें लावावा, ही रीत बाजारांत चालत नाहीं. इंग्लंडनें २०२१ मध्यें कायदा करून या शास्त्राच्या दर्जावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र अधिकारी नेमला. आपल्याकडेहि प्रयोगशाळा गृहखात्यापासून तोडून अशा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं द्याव्यात. तज्ज्ञाकडे नमुना जातांना त्यावर आंकडा असावा, आरोपीचें नांव व पोलिसांची हकीकत नसावी. खुनाच्या खटल्यांत आरोपीनें मागणी केल्यास तज्ज्ञानें पिंजऱ्यांत आलेंच पाहिजे, अशी दुरुस्ती ३२९ व्या कलमांत व्हावी. दूरदर्शक यंत्रानें साक्ष घेण्याची सोय आतां सर्वत्र झाली असल्यानें, अंतराची जुनी सबब उरलेली नाहीं. आलेख व टिपणें अहवालाबरोबरच आरोपीच्या वकिलास मिळावींत.

राहतां राहिला पैसा. श्रीमंत आरोपी मुंबई-दिल्लीहून निवृत्त शास्त्रज्ञ आणून सरकारी अहवालाच्या चिंधड्या उडवितो. गरिबाला सरकारी खर्चानें वकील मिळतो, पण त्या वकिलास दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेण्यास खर्च करावयाचा झाल्यास तो कोणत्या सदराखालीं मागावा, हें त्यालाच ठाऊक नसतें. विधि सेवा प्राधिकरणाच्या अंदाजपत्रकांत या कामासाठीं स्वतंत्र रक्कम आहे काय, असल्यास किती, आणि गेल्या तीन वर्षांत ती कितीदां खर्ची पडली, हे तीन प्रश्न आमच्या जिल्ह्यांतील आमदारांपैकीं कोणीहि येत्या अधिवेशनांत विचारावे. सरकारकडून उत्तर येईल तें आम्ही याच जागीं जसेंच्या तसें छापूं.